ज्याला कोणी काढू शकत नाही असा अधिकारी

१० एप्रिल २०१८ रोजी अमेरिकी सिनेटच्या दोन समित्यांसमोर फेसबुकचे संस्थापक आणि मुख्य कार्यकारी अधिकारी मार्क झुकरबर्ग यांची साक्ष झाली. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीचे प्रकरण उघडकीस येऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता आणि ८ कोटी ७० लाखांपर्यंत वापरकर्त्यांची माहिती त्यांच्या नकळत त्या कंपनीच्या हाती गेली असावी, असे फेसबुकने स्वतःच मान्य केले होते. सुनावणीच्या मधल्या सुटीत झुकरबर्ग उठून गेले तेव्हा त्यांची टिपणे टेबलावर उघडीच राहिली आणि एका वृत्तछायाचित्रकाराने त्यांचे छायाचित्र घेतले. कोणत्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे, याचे मुद्दे त्या पानांवर मांडलेले होते. युरोपच्या खासगीपणाविषयीच्या नव्या नियमांत जे सांगितले आहे ते आम्ही आधीपासूनच करतो असे म्हणू नये, अशी एक सूचना होती. आणि एका ओळीच्या सुरुवातीला फक्त एक शब्द आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह होते : राजीनामा? त्याचे उत्तर थोडक्यात असे होते की फेसबुक मी स्थापन केले, निर्णय माझे होते, माझ्याकडून चुका झाल्या, आव्हान मोठे आहे, पण आम्ही याआधीही प्रश्न सोडवले आहेत आणि हाही सोडवू.

त्या उत्तरात उद्धटपणा शोधण्याचे कारण नाही, कारण ते वस्तुस्थितीला धरूनच आहे. मंत्र्याचा राजीनामा मागता येतो, कारण मागणाऱ्यांच्या हाती मत असते. कुलगुरूचा मागता येतो, कारण त्यांना नेमणारा कोणीतरी त्यांच्या वर बसलेला असतो. झुकरबर्ग यांचा राजीनामा त्या सभागृहातील एकाही सिनेटरला घेता आला नसता, त्यांच्याच कंपनीच्या संचालक मंडळालाही घेता आला नसता आणि कंपनीचे बहुसंख्य समभाग ज्यांच्याकडे आहेत त्या गुंतवणूकदारांनाही नाही. मे २०१२ मध्ये फेसबुकचे समभाग बाजारात आले तेव्हाच त्यांचे दोन वर्ग होते. बाजारातून समभाग घेणाऱ्याला एका समभागामागे एक मत, तर संस्थापकांकडील समभागाला दहा मते. त्यामुळे मालकीतील वाटा आज १५ टक्क्यांहून कमी असतानाही एकूण मतांपैकी निम्म्याहून अधिक मते झुकरबर्ग यांच्या हाती आहेत. संचालक मंडळाचे अध्यक्षपद आणि मुख्य कार्यकारीपद एकाच व्यक्तीकडे नसावे, असा ठराव २०१९ च्या वार्षिक सभेत आला. बाहेरच्या भागधारकांपैकी बहुसंख्यांनी त्याच्या बाजूने मत दिले आणि तरीही तो फेटाळला गेला, कारण मतांचे गणित आधीच ठरलेले होते.

तंत्रज्ञान कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याविषयी आपण जे वाचतो, ते बहुतेक त्याच्या व्यक्तिमत्त्वाविषयी असते. तो पहाटे किती वाजता उठतो, लहानपणी कोणत्या परिस्थितीत वाढला, कर्मचाऱ्यांशी कसे बोलतो, दूरदृष्टीचा आहे की नुसताच लोभी, यावर पानेच्या पाने लिहिली जातात. ही चर्चा मला चुकीच्या जागी चाललेली वाटते. हे पद गेल्या वीस वर्षांत प्रत्यक्षात सार्वजनिक झाले आहे. त्यावरील माणसाला जाब विचारण्याची व्यवस्था मात्र खासगी दुकानाच्या मालकाला शोभेल एवढीच राहिली आहे. म्हणून तो माणूस चांगला आहे का, या प्रश्नाआधी दोन प्रश्न विचारायला हवेत. त्याला पदावरून कोण दूर करू शकतो? आणि त्याची वैयक्तिक सही कोणत्या कागदावर असते?

पद सार्वजनिक झाले आहे म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकी संसदभवनावर जमावाने हल्ला केल्यानंतर दोन दिवसांच्या आत फेसबुक आणि ट्विटर या दोन्ही कंपन्यांनी पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षांची खाती बंद केली. त्या क्षणी तो निर्णय योग्य होता, असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे. पण जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी आपल्या प्रवक्त्यामार्फत जो आक्षेप घेतला, तो मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. अभिव्यक्तीच्या मूलभूत हक्कावर मर्यादा घालायच्या असतील तर त्या कायदेमंडळाने आखून दिलेल्या चौकटीत घातल्या जाव्यात, कंपन्यांच्या चालकांच्या निर्णयाने नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर बरोबर चार वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, झुकरबर्ग यांनी एका चित्रफितीतून जाहीर केले की अमेरिकेत बाहेरच्या संस्थांकडून होणारी तथ्यपडताळणी बंद केली जाईल. फेसबुकच्या या दोन निर्णयांची दिशा परस्परविरोधी होती, पण पद्धत एकच. निर्णयाआधी कोणताही सार्वजनिक विचारविनिमय नाही, आणि निर्णय त्याच एका माणसाचा. पहिल्या निर्णयाने ज्यांना बरे वाटले त्यांना दुसऱ्याने दुःख झाले आणि ज्यांना पहिल्याने दुःख झाले ते दुसऱ्याने सुखावले. या हर्षशोकात पद्धतीचा प्रश्न दोन्ही वेळा मागे पडला.

युद्धाच्या बाबतीतही हेच घडले आहे. रशिया-युक्रेन युद्धात क्रिमियातील सेवास्तोपोल या रशियन नौदलाच्या तळापर्यंत स्टारलिंक ही उपग्रह-इंटरनेट सेवा सुरू करण्याची तातडीची विनंती आपल्याकडे आली होती आणि ती आपण मान्य केली नाही, असे इलॉन मस्क यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये स्वतःच जाहीरपणे सांगितले. संघर्ष भडकवण्यात आपल्या कंपनीचा हात लागू नये, हे त्यांनी दिलेले कारण विचार करण्यासारखे आहे. पण एखाद्या देशाच्या नौदलावरील हल्ला होऊ द्यायचा की नाही, याचा विचार करण्याची पाळी एका कंपनीच्या प्रमुखावर यावी, ही गोष्टच परराष्ट्र धोरणाच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही.

आणि म्यानमार. २०१७ च्या ऑगस्टनंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना देश सोडून बांगलादेशात पळून जावे लागले. संयुक्त राष्ट्रांच्या तथ्यशोधन पथकाने २०१८ मध्ये द्वेष पसरवण्यातील फेसबुकच्या भूमिकेवर बोट ठेवले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने, स्वतःच बाहेरच्या संस्थेकडून करून घेतलेल्या अहवालानंतर, आपल्या माध्यमाचा वापर हिंसेच्या चिथावणीसाठी होऊ नये म्हणून पुरेसे प्रयत्न झाले नाहीत, अशी कबुली दिली. तिथे बहुतेकांसाठी फेसबुक म्हणजेच इंटरनेट होते, आणि २०१५ च्या सुरुवातीला ब्रह्मी भाषा वाचू शकणारे मजकूर-परीक्षक मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. ज्या भाषेत पुरेसे जाहिरातदार नाहीत, त्या भाषेत पुरेसे परीक्षकही नाहीत. असे कोणी बसून ठरवलेले नसते. खर्चाच्या प्रत्येक बैठकीत ते आपोआप ठरत जाते. ही बाब मला सर्वांत अधिक सलते, कारण यात दुष्टावा कोणाचाच दाखवता येत नाही आणि जबाबदारी मात्र निश्चितपणे एका खुर्चीवर येते. किती भाषांत सेवा सुरू करायची आणि किती भाषांत ती सांभाळायची, या दोन आकड्यांतील अंतर मंजूर करणारी ती खुर्ची असते.

या खुर्चीपर्यंत माणसे कशी पोहोचतात, तेही पाहायला हवे. संस्थापकांची वाट वेगळी, पण नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या कारकिर्दी बहुधा एकाच साच्यातील असतात. सुंदर पिचाई खरगपूरच्या आयआयटीत धातुशास्त्र शिकले, २००४ मध्ये गूगलमध्ये आले, २००८ च्या क्रोम ब्राउझरच्या यशाने पुढे आले, २०१५ मध्ये गूगलचे आणि डिसेंबर २०१९ मध्ये तिची मातृकंपनी असलेल्या अल्फाबेटचे प्रमुख झाले. सत्य नाडेला १९९२ पासून मायक्रोसॉफ्टमध्ये आहेत. क्लाउड विभाग उभा करून दाखवल्यावर फेब्रुवारी २०१४ मध्ये ते कंपनीचे तिसरे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. टिम कुक १९९८ मध्ये ॲपलमध्ये आले ते पुरवठासाखळी शिस्तीत आणण्यासाठी आणि ऑगस्ट २०११ मध्ये सर्वोच्च पदावर पोहोचले. तिघांच्याही कर्तबगारीविषयी मला आदर आहे. पण ज्या गुणांवर हे पद मिळाले ते गुण म्हणजे उत्पादन जमवणे, वाढ साधणे आणि मोठी यंत्रणा हाकणे. आणि पद मिळाल्यावर ज्या प्रश्नांना तोंड द्यावे लागते ते प्रश्न म्हणजे निवडणुका, मुलांची मानसिक सुरक्षितता, शस्त्रे आणि पाळत. न्यायाधीशाची निवड करताना निदान त्याचे आधीचे निकाल तरी वाचले जातात. इथे सार्वजनिक विवेकाची कसोटी पद मिळण्याआधी कोणीच घेत नाही, आणि नंतर घेण्याचा अधिकारही कोणाकडे नसतो.

इथे एक भेद करायला हवा. मायक्रोसॉफ्ट, ॲपल आणि ॲमेझॉन यांत एका समभागाला एकच मत आहे, त्यामुळे कुक किंवा नाडेला यांना संचालक मंडळ, निदान कागदावर तरी, दूर करू शकते. अल्फाबेटमध्ये पिचाई यांना काढता येईल, पण शेवटी ते ज्यांच्या हाती आहे ते लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन हे दोघे डिसेंबर २०१९ मध्येच कार्यकारी पदांवरून दूर झाले आणि जास्त मतांचे समभाग मात्र त्यांनी आपल्याकडेच ठेवले. म्हणजे साक्षीला पिचाई जातात आणि त्यांना जाब विचारण्याचा निर्णायक अधिकार ज्यांच्याकडे आहे त्यांना सहसा कोणी बोलावत नाही. स्नॅपने तर मार्च २०१७ मध्ये जनतेला विकलेल्या समभागांना एकही मत दिले नाही. पैसा सर्वांचा आणि शब्द दोघातिघांचा, ही रचना आता या उद्योगाची रीत झाली आहे.

काढण्याचा अधिकार कागदावर असणे आणि तो वापरता येणे, यांतील अंतर नोव्हेंबर २०२३ च्या पाच दिवसांत जगाने पाहिले. चॅटजीपीटी बनवणारी ओपनएआय ही संस्था २०१५ मध्ये स्थापन झाली ती नफ्यासाठी नव्हती. पुढे तिच्या पोटात नफा मिळवणारी कंपनी उभी राहिली तेव्हाही सर्वाधिकार मूळ धर्मादाय संस्थेच्या संचालक मंडळाकडेच ठेवले गेले, आणि त्या मंडळाचे कर्तव्य गुंतवणूकदारांप्रती नसून मानवजातीप्रती आहे, असे लेखी नमूद केले गेले. काढता येईल असा मुख्य कार्यकारी अधिकारी हवा असेल तर याहून सरळ रचना सुचणे अवघड आहे. शुक्रवार, १७ नोव्हेंबर रोजी मंडळाने ती वापरली. मुख्य कार्यकारी अधिकारी सॅम ऑल्टमन मंडळाशी बोलताना सातत्याने मोकळेपणा ठेवत नव्हते, एवढेच कारण देऊन त्यांना पदावरून दूर करण्यात आले. मग काय झाले? कंपनीत सुमारे १३ अब्ज डॉलर गुंतवण्याचे ठरवलेल्या मायक्रोसॉफ्टने ऑल्टमन यांना आणि त्यांच्यासोबत येऊ इच्छिणाऱ्यांना नोकरी देऊ केली. सुमारे ७७० कर्मचाऱ्यांपैकी ७०० हून अधिकांनी, मंडळाने राजीनामा दिला नाही तर आम्ही जातो, अशा पत्रावर सह्या केल्या. पाचव्या दिवशी ऑल्टमन परत आले आणि त्यांना काढणाऱ्यांपैकी बहुतेक जण गेले. पुढे मार्च २०२४ मध्ये, एका विधिसंस्थेच्या चौकशीनंतर, ऑल्टमन यांचे वर्तन त्यांना काढणे भाग पडावे असे नव्हते, असा निष्कर्ष जाहीर झाला.

मंडळाचा तो निर्णय बरोबर होता की चूक, यावर मी मत देणार नाही, कारण त्यांनी आपली कारणे नीट सांगितली नाहीत आणि तीच त्यांची सर्वांत मोठी चूक होती. ज्यांच्या हितासाठी आपण बसलो आहोत असे ते म्हणत होते, त्या जनतेला विश्वासात घेण्याचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. मला दिसते ते एवढेच की कर्मचाऱ्यांची संपत्ती, भागीदाराचे भांडवल आणि संगणकशक्ती हे सारे एका व्यक्तीभोवती गुंफले गेले, की घटनेतील कलम टिकत नाही. म्हणून केवळ चांगली नियमावली लिहून हा प्रश्न सुटेल, असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. बाहेरून, कायद्याने, काहीतरी हवे.

ते काय असावे हे सांगण्यापूर्वी ‘जबाबदारी’ या शब्दाची झीज पाहू. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने (फेसबुक कंपनीचे नवे नाव) ११,००० कर्मचाऱ्यांना कमी केले, जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२,००० जणांना कमी करण्याचे जाहीर केले आणि दोन्ही पत्रांत प्रमुखांनी या निर्णयांची जबाबदारी आपली असल्याचे लिहिले. हे शब्द वाचून मी शोधत राहिलो की या वाक्यानंतर काही घडले का. करोनाकाळातील वाढ कायम राहील, हा अंदाज ज्यांनी केला होता ते आपापल्या जागी राहिले आणि त्या अंदाजावर भरती झालेले घरी गेले. पिचाई यांचा २०२२ चा मोबदला, मुख्यतः तीन वर्षांतून एकदा मिळणाऱ्या समभागांमुळे, २२ कोटी ६० लाख डॉलरच्या घरात होता. मराठीत आपण ‘जबाबदारी’ या शब्दातच ‘जबाब’ ऐकतो, म्हणजे कोणाला तरी उत्तर देणे त्यात आले. उत्तर ऐकणारा आणि ते अपुरे वाटल्यास काही करू शकणारा कोणी नसेल, तर उरते ते फक्त निवेदन.

नाडेला यांचे उदाहरण यापेक्षा बरे आहे आणि तरीही अपुरे आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात चीनशी संबंधित हल्लेखोरांनी मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेतून अमेरिकी सरकारी अधिकाऱ्यांच्या ईमेल वाचल्या, आणि एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा पुनरावलोकन मंडळाने, हा प्रकार टाळता आला असता आणि कंपनीची सुरक्षेची संस्कृती अपुरी आहे, असा कडक अहवाल दिला. त्यानंतर नाडेला यांनी कर्मचाऱ्यांना, सुरक्षा आणि दुसरे काम यांत निवड करायची झाली तर सुरक्षेची करा, असे लेखी सांगितले. त्यांनी आपला रोख बोनस कमी करण्याची विनंती संचालक मंडळाला केली आणि तो सुमारे निम्मा झाला. याबद्दल त्यांचे कौतुकच करायला हवे. पण त्याच आर्थिक वर्षातील त्यांचा एकूण मोबदला समभागांच्या वाढत्या मूल्यामुळे ७ कोटी ९० लाख डॉलरवर गेला, आदल्या वर्षापेक्षा कितीतरी अधिक. शिक्षा स्वतःच मागायची, तिचे प्रमाणही आपल्या सौजन्यावर अवलंबून राहायचे आणि बाजाराने ती भरून काढायची, अशा व्यवस्थेत सज्जन माणूसही यापेक्षा अधिक काही करू शकत नाही.

आता सहीकडे येतो. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉन ही अमेरिकी ऊर्जा कंपनी हिशेबातील घोटाळ्यामुळे दिवाळखोरीत गेली. पुढच्या फेब्रुवारीत तिचे माजी मुख्य कार्यकारी जेफ्री स्किलिंग यांनी संसदीय समितीसमोर, मी काही हिशेबनीस नाही, असा बचाव केला. अमेरिकी संसदेने त्यावर जुलै २००२ मध्ये जो कायदा केला, त्यात एक अगदी साधी गोष्ट होती. कंपनीच्या वित्तीय अहवालावर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने आणि वित्तप्रमुखाने स्वतः प्रमाणपत्र द्यायचे. ते जाणूनबुजून खोटे दिले असेल तर वीस वर्षांपर्यंत तुरुंगवास. त्या दिवसापासून, मला माहीत नव्हते, हे उत्तर हिशेबाच्या बाबतीत चालेनासे झाले. सही करावी लागणार म्हणून माणूस विचारतो, विचारतो म्हणून खालचा अधिकारी तपासतो, आणि तपासाचा कागद मागे राहतो. मोठ्या संस्थेत सत्य वर चढत जायला दुसरी वाट नसते.

मुलांवर होणारा परिणाम, खासगी माहितीची सुरक्षितता, निवडणुकीच्या काळातील फेरफार, कोणत्या भाषेत किती परीक्षक आहेत, या बाबतींत अशी सही का नसावी? हे स्वप्नरंजन नाही, कारण तिचा एक नमुना अस्तित्वात आहे. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेसबुकला ५ अब्ज डॉलरचा दंड केला तेव्हा सारे लक्ष त्या आकड्याकडे गेले. त्याच आदेशात असेही होते की खासगीपणाचे ठरलेले नियम पाळले जात आहेत, असे प्रमाणपत्र झुकरबर्ग यांनी दर तिमाहीला स्वतः द्यावे आणि ते खोटे ठरल्यास त्यांच्यावर वैयक्तिक दिवाणी व फौजदारी कारवाई होऊ शकेल. ५ अब्जांपेक्षा मला हे कलम मोलाचे वाटते. दंड भागधारकांच्या खिशातून जातो, सही मात्र उसनी देता येत नाही. त्याच आयोगाने घरपोच मद्य पोचवणाऱ्या ड्रिझली या कंपनीतून सुमारे २५ लाख ग्राहकांची माहिती फुटल्यावर तिच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यालाही आदेशात व्यक्तिशः बांधले, आणि तो उद्या दुसऱ्या मोठ्या कंपनीत गेला तरी माहितीच्या सुरक्षेचे हे बंधन त्याच्या मागोमाग जाईल असे ठरवले. छोट्या कंपनीच्या प्रमुखाला जे लागू होऊ शकते, ते मोठ्याला का होऊ नये?

सध्या जे घडते ते उलट आहे. उबरमधून २०१६ मध्ये ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि ती गोष्ट दडवली गेली. २०२२ मध्ये त्याबद्दल दोषी ठरले ते सुरक्षाप्रमुख. कायद्याची पावले जिन्याच्या मधल्याच पायरीवर थांबतात. युरोपचा डिजिटल सेवा कायदा मोठ्या माध्यमांना दरवर्षी धोक्यांचे मूल्यमापन करायला आणि स्वतंत्र लेखापरीक्षण करून घ्यायला लावतो, जागतिक उलाढालीच्या सहा टक्क्यांपर्यंत दंडही करू शकतो. हे मोठे पाऊल आहे, यात शंका नाही. पण दंड कंपनीला होतो, आणि इतका पैसा असलेल्या कंपनीच्या ताळेबंदात दंड हा आणखी एक खर्च म्हणून बसतो.

या मागणीवरील एक आक्षेप मी फार गंभीरपणे घेतो. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यावर वैयक्तिक फौजदारी जबाबदारी टाकली, तर सर्वांत आधी ती वापरतील जुलमी सरकारे. हा धोका काल्पनिक नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये रशियातील निवडणुकीच्या तोंडावर ॲपल आणि गूगल यांनी विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांच्या सहकाऱ्यांचे मतदानविषयक ॲप काढून टाकले, आणि त्याआधी त्यांच्या तिथल्या कर्मचाऱ्यांवर खटले भरण्याची धमकी दिली गेल्याचे वृत्त होते. याच्या उलट उदाहरणही आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये, सॅन बर्नार्डिनोत चौदा जणांचा बळी घेणाऱ्या दोन हल्लेखोरांपैकी एकाचा आयफोन उघडता यावा म्हणून एफबीआयने न्यायालयाचा आदेश मिळवला. टिम कुक यांनी ग्राहकांना उद्देशून जाहीर पत्र लिहून त्याला विरोध केला, कारण एका फोनसाठी बनवलेली किल्ली सर्वच फोनची किल्ली होईल. मार्चअखेर एफबीआयने दुसऱ्या मार्गाने तो फोन उघडला आणि खटला मागे घेतला. वैयक्तिक तुरुंगवासाची टांगती तलवार असती, तर कुक यांनी ते पत्र लिहिले असते का? मला खात्री नाही, आणि म्हणूनच हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये टेलिग्राम या संदेशसेवेचे संस्थापक पावेल दुरोव्ह यांना पॅरिसजवळच्या ल बुर्जे विमानतळावर अटक झाली, तेव्हा तिचे स्वागत करणारे आणि तिला घाबरणारे असे दोन्ही बाजूंचे लोक मला काही अंशी बरोबर वाटले.

उत्तर आहे ते जबाबदारी कशाची, हे काटेकोर ठरवण्यात. दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुरासाठी प्रमुखाला तुरुंगात टाकणे चूकच आहे; त्यातून एक तर सेन्सॉरशिप जन्मते किंवा भित्रेपणा. पण स्वतःच्या कंपनीने केलेले संशोधन दडवणे, नियामकाला खोटे सांगणे, ठाऊक असलेला धोका नोंदवूनही त्यावर काहीच न करणे, हे मजकुराचे गुन्हे नाहीत, ते पदाचे गुन्हे आहेत. ब्रिटनच्या २०२३ च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्यात वरिष्ठ व्यवस्थापकांवरील फौजदारी जबाबदारी आहे ती बरीचशी याच ठिकाणी बोट ठेवते : नियामकाने मागितलेली माहिती न देणे किंवा खोटी देणे. ही रेषा आणखी स्पष्ट करता येईल, पण तिची जागा योग्य आहे. कुक यांनी सरकारशी उघडपणे वाद घातला, न्यायालयात घातला आणि स्वतःच्या सहीने घातला. सहीची जबाबदारी अशा माणसाला अडवत नाही, तिचा अडसर होतो तो मौनाला.

दुसरा आक्षेप दूरदृष्टीचा. संस्थापकाला बाजाराच्या तिमाही घाईपासून संरक्षण हवे, नाहीतर दहा वर्षांनी फळ देणारे काम कोणी हाती घेणार नाही, असे म्हणतात आणि स्टीव्ह जॉब्स यांचा दाखला देतात. १९८५ मध्ये त्यांना ॲपलमधून बाहेर पडावे लागले, १९९७ मध्ये ते परतले आणि कंपनी वाचली. मला ही कथा नेमकी उलटे सांगते असे वाटते. जॉब्स परतले तेव्हा त्यांच्याकडे दहापट मतांचे कवच नव्हते. त्यांना रोज पटवून द्यावे लागत होते आणि त्यांनी ते दिले. तरीही सुरुवातीच्या वर्षांत संस्थापकाला काही संरक्षण असावे, हे मला मान्य आहे. सात किंवा दहा वर्षांनी जास्त मतांचे समभाग आपोआप साध्या समभागांत बदलावेत, अशी मुदतीची अट काही कंपन्यांनी स्वतःहून घालून घेतलेली आहे. ती कायद्याने सर्वांना लावली, तर जी कंपनी नवी आहे तिला श्वास घ्यायला वेळ मिळेल, आणि जी अब्जावधी माणसांच्या रोजच्या जगण्यात शिरली आहे तिच्या प्रमुखाला निदान आपल्याच भागधारकांसमोर निवडून यावे लागेल. भागधारक म्हणजे जनता नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण एकाला जाब विचारता येणे आणि कोणालाच न येणे, यांत फरक आहे.

३१ जानेवारी २०२४, बुधवार. सिनेटच्या न्यायविषयक समितीची सुनावणी चालू होती आणि झुकरबर्ग पुन्हा साक्षीदाराच्या खुर्चीवर होते. त्यांच्या पाठीमागच्या रांगांत आईवडील बसले होते. समाजमाध्यमांवरील छळ, खंडणी आणि शोषण यांतून ज्यांची मुले गेली, असे आईवडील, हातात त्या मुलांची छायाचित्रे धरून. एका सिनेटरने त्यांना विचारले की या कुटुंबांची माफी मागाल का. झुकरबर्ग उठले, मागे वळले आणि त्या छायाचित्रांकडे तोंड करून बोलले की तुम्ही जे सोसले ते कोणावरही येऊ नये. त्याच सिनेटरने आणखी दोन गोष्टी विचारल्या होत्या. यासाठी कंपनीतील कोणाला काढले का? या कुटुंबांना काही भरपाई दिली का? दोन्ही प्रश्नांना सरळ उत्तर मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मेटाचे तिमाही निकाल आले आणि कंपनीने पहिल्यांदाच लाभांश जाहीर केला. शुक्रवारी समभाग सुमारे २० टक्क्यांनी वधारला आणि एका दिवसात कंपनीच्या बाजारमूल्यात १९० अब्ज डॉलरहून अधिक भर पडली. मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेचे विधेयक त्या जुलैत सिनेटमध्ये ९१ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाले. कनिष्ठ सभागृहात ते त्या संसदेची मुदत संपेपर्यंत मतदानालाच आले नाही.